नॉर्वेतल्या खूनकथा आणि खरे खून

"नॉर्वेत इतक्या रहस्यकादंबऱ्या निघतात, कारण तिथे खूनच फार होतात," असा समज बरीच वर्षं फिरतोय. पुस्तकं वाचून तसं वाटणं साहजिकच आहे. पण हिशेब करून पाहा. लोकसंख्या सुमारे ५५ लाख, वर्षाला खून साधारण ३० ते ४०. म्हणजे लाखामागे एकही नाही. भारतात हेच प्रमाण दोनच्या आसपास आहे. दोन्हीकडचे सरकारी आकडे कुणालाही बघता येतात, फक्त एकच वर्ष धरू नका. २०११ साली नॉर्वेत एकाच दिवशी झालेल्या हल्ल्यांत ७७ माणसं गेली, त्यामुळे त्या वर्षाचा आकडा वेगळाच दिसतो.

मग इतक्या खूनकथा कशा? १९२३ च्या ईस्टरआधी एका वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापून आलं, 'बर्गनची रेल्वेगाडी रात्री लुटली' (बर्गन हे तिथलं एक शहर). ती कादंबरीची जाहिरात होती, पण अनेकांना बातमीच वाटली. पुढे ईस्टरच्या सुटीत डोंगरातल्या लाकडी घरात बसून रहस्यकथा वाचायची रीतच पडली. त्या दिवसांत दुधाच्या खोक्यांवरही छोट्या रहस्यकथा छापतात! शिवाय तिथले बरेच लेखक खुनाच्या निमित्ताने सत्ता, पैसा, स्थलांतरितांचं जगणं यांवर लिहितात. मला ते भाग खुनापेक्षा जास्त अस्वस्थ करतात.