ॲक्शन फिगरचे सांधे

संग्राह्य ॲक्शन फिगरची, म्हणजे हातपाय हलवता येणाऱ्या खेळण्यातल्या पुतळीची, मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे वळावेत म्हणून केलेली रचना म्हणजे तिचे सांधे. शाळेत शिकलेले उखळीचा, बिजागरीचा आणि खिळीचा असे तिन्ही सांधे इथेही भेटतात. फक्त वंगणाची सोय नसते. सांधा धरून राहतो तो घर्षणावर, आणि घर्षण आले की झीज आलीच. फिगर एका पायावर उभी राहील इतका घट्ट, पण हात वळवताना खुंटी पिरगळून तुटणार नाही इतका सैल, असा सांधा बनवणे ही या धंद्यातली खरी कसरत आहे.

हॅसब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने १९६४ मध्ये बाजारात आणलेला जी. आय. जो हा सैनिक सुमारे १२ इंच उंच होता आणि त्याला २१ हलते भाग असल्याची जाहिरात केली जाई. मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने त्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हटले गेले, आणि पुढे सगळ्या प्रकारालाच ते नाव पडले. केनर या दुसऱ्या खेळणी कंपनीच्या १९७८ च्या स्टार वॉर्स फिगर पावणेचार इंचांच्या. त्यांना सांधे पाचच: मान, दोन खांदे, दोन मांड्या. बिघडायला फारसे काही नसल्यामुळे त्या टिकल्या. पाय सैल पडून कलंडणे ही त्यांची नेहमीची तक्रार.

टिकाऊपणाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण १९८२ चा पावणेचार इंची जी. आय. जो. याच्या पाठीत एक छोटा स्क्रू असतो. तो काढला की धडाची दोन शकले होतात. खांद्यांच्या खुंट्या आणि मान या शकलांच्या बेचक्यात नुसत्या अडकवलेल्या असतात. आत छातीपाशी काळी रबरी ओ-रिंग, म्हणजे गोल कडे, टांगलेली. ती कंबरेच्या तुकड्यातून खाली येते आणि दोन्ही मांड्या जोडणाऱ्या टी-आकाराच्या धातूच्या हुकात अडकते. म्हणजे कंबर आणि पाय चिकटवलेले नाहीत, रबराच्या ताणाने वर ओढून धरलेले आहेत. त्यामुळे एवढीशी फिगर कंबरेत फिरते, वाकते, मांडी फाकवून बसते. १९८३ मध्ये कोपराच्या वर दंडही फिरू लागला आणि बंदूक दोन्ही हातांत धरता आली.

रबर मात्र म्हातारे होते. काही वर्षांनी रिंग सुकते, एके दिवशी तुटते आणि फिगरचे कंबरेपासून दोन तुकडे होतात. बघणाऱ्याला हा सर्वनाश वाटतो. खरे तर तीच सर्वांत सोपी दुरुस्ती आहे, कारण नवी रिंग सहज बसते. अट एवढीच की स्क्रू पिळताना आटे जाऊ नयेत. भरून न येणाऱ्या जखमा वेगळ्या: जाड मुठीची बंदूक कोंबताना मोडलेला अंगठा, मांड्या ताणल्याने तुटलेली कंबरेच्या तुकड्याची खालची बारीक पट्टी, रिव्हेटभोवती (सांध्यातल्या धातूच्या खिळीभोवती) तडकलेले कोपर. झिजणारा भाग स्वस्त आणि बदलता येण्याजोगा ठेवणे हा या रचनेचा मोठेपणा. २००७ च्या पंचविसाव्या वर्धापन मालिकेत ओ-रिंग गेली, छातीत नवा सांधा आला. दिसणे सुधारले, पण पाठीतला स्क्रू काढून दुरुस्ती करण्याची सोय गेली.

भारतात या फिगर फनस्कूलने बनवल्या. एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये उभ्या राहिलेल्या या कंपनीचा कारखाना गोव्यात आहे. टायरवाल्या घराण्यातले खेळणे रबराच्या कड्यावर उभे असावे, हा योगायोग गमतीचा. वेगळ्या रंगसंगतीमुळे फनस्कूलच्या फिगरना परदेशी संग्राहकांकडे आजही मागणी आहे.

सांध्याचे आयुष्य आकारापेक्षा प्लास्टिकवर अधिक ठरते. एबीएस नावाचे प्लास्टिक कडक आणि नेमके. पीव्हीसी लवचीक, पण त्यातला प्लास्टिसायझर (मऊपणा देणारे रसायन) पृष्ठभागावर येऊन अंग चिकट होते आणि उन्हाळ्यात घोटे लवतात. पीओएम हे तिसरे प्लास्टिक गुळगुळीत व झिजेला चिवट असल्याने खुंट्यांसाठी उत्तम, मात्र त्यावर रंग धरत नाही. १९८० च्या दशकातल्या काही रोबो खेळण्यांचे सोनेरी प्लास्टिक तर हात लावताच चुरते. तिथे सांध्याचा दोषच नाही. जपानच्या कायोदो या फिगर बनवणाऱ्या कंपनीने २००६ मध्ये रिव्होलटेक मालिकेत टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरणारा सांधा वापरला, कारण जड अंग पेलायला निव्वळ घर्षण पुरत नाही.

अडकलेला सांधा जोर लावून फिरवू नये. बहुधा रंगानेच तो धरलेला असतो. गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरच्या सौम्य उष्णतेत थोडा वेळ ठेवला की सुटतो. वंगण द्यायचेच तर सिलिकॉनचे. सैल उखळीला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन पूर्ण वाळवतात. न उघडलेल्या पाकिटातली ओ-रिंगही आत बसून सुकतच असते, आणि ती बदलायची तर पाकीट फाडावे लागते.