चावी फॉइलमध्ये गुंडाळावी का?

‘गाडीची चावी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, चोर हात चोळत बसेल’ असा संदेश सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अधूनमधून फिरतो. त्याखाली लगेच कोणीतरी ‘थोतांड!’ म्हणून मोकळा होतो. एरवी माझं मत थोतांडाच्या बाजूने पडलं असतं, पण इथे फॉरवर्डवाला बराचसा बरोबर आहे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची चावी खिशात असली की पुरते. हँडलला हात लावताच गाडी 125 किलोहर्ट्झच्या आसपास एक चुंबकीय साद घालते. ही साद एक-दोन मीटरपलीकडे पोचत नाही. त्यात एक प्रश्न असतो. चावी आपल्याकडच्या गुप्त संख्येने त्याचं उत्तर काढून 433 मेगाहर्ट्झवर (अमेरिकेत 315) परत पाठवते. प्रश्न दर वेळी नवा, त्यामुळे कालचं उत्तर आज चालत नाही.

चोर मात्र हे गणित सोडवायच्या फंदात पडतच नाही. एक जण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या दारापाशी. पहिल्याचं यंत्र गाडीची साद उचलून दुसऱ्याकडे पाठवतं, तो ती दाराआडच्या चावीला ऐकवतो. चावी इमानदारीत उत्तर देते आणि गाडीचं दार उघडतं. 2011 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला. दहाही गाड्या फसल्या.

आता फॉइल. धातूत शिरणारी विद्युतचुंबकीय लहर झपाट्याने विरत जाते. 433 मेगाहर्ट्झची लहर अ‍ॅल्युमिनियममध्ये 4 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत गेली की सुमारे 37 टक्क्यांवर येते. स्वयंपाकघरातलं फॉइल 11 ते 18 मायक्रॉन जाड असतं, शिवाय लहरीचा बहुतेक भाग पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो. म्हणजे चावीचं उत्तर तर अडलं. पण गाडीची साद? वारंवारता कमी तशी खोली जास्त: 125 किलोहर्ट्झला ती जवळपास पाव मिलिमीटर भरते. फॉइल त्याच्या पंधरा-वीस पटींनी पातळ. या हिशोबाने साद आरपार जायला हवी.

पण ती पुरती जात नाही, आणि मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. बदलतं चुंबकीय क्षेत्र बंद धातूच्या वेष्टनाभोवती प्रवाह निर्माण करतं. लेन्झच्या नियमानुसार तो प्रवाह आपल्या जन्मदात्या क्षेत्रालाच विरोध करतो, आणि आतलं क्षेत्र दुबळं होतं. हा परिणाम केवळ जाडीवर नाही, तर जाडी, वाहकता, वारंवारता आणि वेष्टनाची त्रिज्या या चौघांच्या गुणाकारावर ठरतो. त्रिज्या दुप्पट केली की तेच फॉइल जवळपास दुप्पट काम करतं! चावीला घट्ट चिकटलेल्या वेष्टनापेक्षा ऐसपैस पुडी बरी. अट एवढीच की प्रवाहाला पूर्ण वेढा मारता आला पाहिजे. घडीवर अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा थर, म्हणजे विद्युतरोधक, आडवा आला की वेढा तुटतो.

म्हणून फॉइलपेक्षा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सरस. चुंबक चिकटणाऱ्या पोलादात 125 किलोहर्ट्झची लहर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी शिरते. झाकण मात्र घट्ट हवं. बाजारात ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणून मिळणारे पाऊच आतल्या धातूच्या विणीच्या जोरावर चालतात, नावाच्या नव्हे. आणि बंपरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीचं म्हणाल, तर लिंबाचा रस वीज वाहतो हे खरं. पण त्यात चावी गुंडाळलेली नसते.

डबा तपासताना अनेकजण चावीचं बटण दाबून पाहतात. ती चाचणी फक्त 433 ची झाली. डबा हातात घेऊन गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं, तर डबा बदला.

चावी घालून फिरवायच्या गाडीला ही भानगड लागू नाही. तिथे खरं काम इमोबिलायझर करतो, म्हणजे ओळखीची चिप भेटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे, आणि नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तिच्यामुळे चोऱ्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई-कियाच्या इमोबिलायझर नसलेल्या गाड्या पोरांनी यूएसबी केबलच्या टोकाने सुरू केल्या, टिकटॉकवर दाखवल्या, आणि कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलण्याबरोबर चक्क स्टिअरिंग लॉक, म्हणजे स्टिअरिंगला अडकवायचे लोखंडी दांडे, वाटावे लागले.

त्या लोखंडी दांड्याला हसू नये. 2022 मध्ये लंडनमध्ये एका वाहन-सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा गेली. चोर हेडलाइटच्या वायरींतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरल्याचं पुढच्या तपासात उघड झालं. असा चोर चावीला काही विचारतच नाही, त्यामुळे डबा तिथे निरुपयोगी. दांडा मात्र कापावाच लागतो, तोही आवाज करत. आपल्याकडे 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या दरपत्रकात, पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक उपकरणाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विमा हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये सवलत ठेवलेली होती. बिस्किटांचा डबा त्यात बसत नव्हता.