पाकिस्तानातून आलेल्या शेजाऱ्याचा नागरिकत्वाचा अर्ज : कोण पात्र, कोणते कागद, आणि आपलं काम कुठे पडतं

जरीपटका आणि खामला. नागपुरात जुनी माणसं अजूनही या भागांना ‘निर्वासितांची वस्ती’ म्हणतात. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना हा शब्द चिकटला होता. आज त्यांची नातवंडं पक्की नागपूरकर आहेत. पण त्याच गल्ल्यांत मागून आलेलीही घरं आहेत. कुणी नव्वदच्या दशकात आलं, कुणी दहा-बारा वर्षांपूर्वी, आणि ती अजून कागदोपत्री पाकिस्तानी आहेत. दुकान चालतं, पोरं शाळेत जातात, गणपतीची वर्गणी वेळेवर येते, पण मतदार यादीत नाव नाही. अशा तीन-चार घरांचे अर्ज भरताना मी शेजारी म्हणून बसलो. त्यात जे कळलं ते इथे मांडतो. हे वकिली मत नाही, अर्जाआधीची तयारी आहे.

आधी तारीख विचारा

पहिला प्रश्न एकच : भारतात पाऊल कधी ठेवलं? नागरिकत्व सुधारणा कायदा, २०१९ म्हणजे सीएए, आणि त्याचे ११ मार्च २०२४ रोजी निघालेले नियम लागू होतात ते पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना.

इथे एक घोळ सर्रास होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचा एक आदेश आला, त्यात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच फिरलं की नागरिकत्वाची मुदत दहा वर्षांनी वाढली. तसं काही झालेलं नाही. त्या आदेशाने याच समुदायांतल्या, २०२४ अखेरपर्यंत आलेल्या लोकांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दल किंवा संपल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली, एवढंच. राहायला हरकत नसणं वेगळं आणि नागरिक होणं वेगळं.

फॉर्म कोणता

अर्ज फक्त ऑनलाइन होतो, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर. पोर्टल आधी काही प्रश्न विचारतं आणि उत्तरांवरून फॉर्म ठरतो. स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म अखंड भारतातला असेल तर ती व्यक्ती ‘भारतीय वंशाची’ धरली जाते आणि नोंदणीचा मार्ग मिळतो. सिंधी आजी-आजोबांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा जमतंच, म्हणून आधी त्यांच्या जन्माचं गाव आणि साल विचारून घ्या. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्यांचा फॉर्म वेगळा, अल्पवयीन मुलांचा वेगळा. यांत न बसणाऱ्यांसाठी देशीयकरणाचा, म्हणजे ठरावीक वर्षं इथे राहून नागरिक होण्याचा मार्ग आहे. त्यात इतरांना लागणारी ११ वर्षांच्या वास्तव्याची अट या समुदायांसाठी ५ वर्षांवर आणली आहे.

एका घरात तिघांचे तीन वेगळे फॉर्म निघू शकतात. ‘घराचा एक अर्ज’ अशी सोय नाही, आणि ही गोष्ट समजावण्यातच अर्धी संध्याकाळ जाते.

कागदांच्या दोन थप्प्या

जेवणाच्या टेबलावर दोन थप्प्या करा. पहिली थप्पी, माणूस त्या देशाचा असल्याच्या पुराव्याची. यात पासपोर्टची प्रत, इथल्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचं प्रमाणपत्र, तिथला जन्मदाखला, शाळेचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, जमिनीचा किंवा भाड्याचा कागद यांपैकी काहीही चालतं. आई-वडील, आजोबा-आजी किंवा पणजोबा-पणजी तिथले नागरिक होते हे दाखवणारा कागदही चालतो.

दुसरी थप्पी, ३१ डिसेंबर २०१४ च्या आत आल्याच्या पुराव्याची. ही यादी लांब आणि बरीच उदार आहे : व्हिसा आणि विमानतळ किंवा सीमेवरचा शिक्का, रेशन कार्ड, आधार, पॅन, वाहन परवाना, वीजबिल, बँक किंवा पोस्टाचं खातं, विमा पॉलिसी, नोंदणीकृत भाडेकरार, लग्नाचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जनगणनेच्या प्रगणकाने दिलेली स्लिप, नगरसेवकासारख्या लोकप्रतिनिधीचं प्रमाणपत्र. कागदावरची तारीख त्या मुदतीच्या आतली हवी.

मुदत संपलेला कागदही चालतो. हे मी प्रत्येक घरात दोनदा सांगतो, कारण संपलेला पासपोर्ट लोक गुन्ह्यासारखा लपवून ठेवतात.

याशिवाय अर्जदाराचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र लागतं. तो त्या समुदायाचा आहे असं स्थानिक मान्यताप्राप्त सामाजिक किंवा धार्मिक संस्थेचं पत्र लागतं, त्यासाठी मंदिर, गुरुद्वारा किंवा समाजाची पंचायत यांच्याकडे जातात. देशीयकरणाच्या अर्जात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी येते असं जाहीर करावं लागतं. त्या अनुसूचीत सिंधीही आहे आणि मराठीही, तेव्हा इथे कुणी अडत नाही. आधीचं नागरिकत्व सोडत असल्याची घोषणा अर्जातच असते.

आणि देशीयकरणाच्या अर्जाला आणखी एक प्रतिज्ञापत्र लागतं, भारतीय नागरिकाचं, अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल. इथे शेजाऱ्याचं काम पडतं. पंधरा वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस नोटरीकडे जायला कचरतो, ‘उगाच पोलीस मागे लागतील’ म्हणतो. तुम्ही जे पाहिलंय तेवढंच लिहायचं आहे. खोटं लिहू नका, आणि खरं लिहायला घाबरू नका.

लछमणचा लक्ष्मण

अर्ज अडतात ते बहुधा नावावर. पासपोर्टवर लछमण असतं. आपल्या शाळेतले गुरुजी प्रेमाने लक्ष्मण लिहितात, आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग जातं. तिकडे वडिलांचं नाव आडनावासारखं लागतं, आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी चौकट आहे. म्हणून एकाच माणसाचे तीन माणूस होतात. अर्ज भरायच्या आधी सगळ्या कागदांवरची नावं एका कोऱ्या कागदावर खालोखाल लिहून काढा, जन्मतारखाही. पोर्टलवर पासपोर्टप्रमाणे नाव भरा, आणि बाकीच्या कागदांवर वेगळं पडलेलं नाव त्याच व्यक्तीचं आहे असं प्रतिज्ञापत्र करून जोडा.

उर्दूतले कागद असतील तर भाषांतर करून घ्या. आमच्याकडे एका आजोबांचा जन्मदाखला मोमिनपुऱ्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दिला. पाणी लागून अक्षरं पुसट झाली होती. ते भिंग घेऊन तासभर बसले, गावाचं नाव लागल्यावर मोठ्याने वाचलं, आणि आजोबांनी तिथल्या विहिरीची गोष्ट सुरू केली. त्या दिवशी दुसरा कागद झालाच नाही.

पोस्टाच्या साहेबांसमोर

नागरिकत्वाचं काम आणि पोस्ट खातं, हे ऐकून लोक हसतात. पण सीएएच्या अर्जांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख डाक अधीक्षक किंवा वरिष्ठ डाक अधीक्षक असतात. समिती मूळ कागद पडताळते आणि अर्जदाराला निष्ठेची शपथ देते. पुढचा निर्णय राज्याच्या अधिकारप्राप्त समितीचा, तिचे प्रमुख जनगणना संचालक.

शपथेला स्वतः हजर राहावंच लागतं. पुरेशी संधी देऊनही माणूस आला नाही तर अर्ज नाकारण्याच्या विचारासाठी वर पाठवला जातो. म्हणून अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल घरातल्या अशा माणसाचा द्या जो ते रोज बघतो. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेला एक अर्ज मी पाहिला आहे. तारीख येऊन गेली, घरात पत्ता नाही.

अर्ज केल्यामुळे आज मिळत असलेल्या सवलती जात नाहीत, असं कायद्यातच लिहिलंय. नागरिकत्व मिळालं की ते भारतात आल्याच्या तारखेपासून धरतात.

२०१४ नंतर आलेल्यांचं काय

त्यांच्यासाठी आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा. तो ऑनलाइन मागायचा, शहरात पडताळणी पोलीस आयुक्तालयाकडून होते. या व्हिसावर खासगी नोकरी-धंदा करता येतो, बँक खातं, पॅन, वाहन परवाना मिळतो. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करा, एक दिवसही उशीर नको. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा जरीपटक्यात दोन रात्री कुणी झोपलं नव्हतं. हिंदू पाकिस्तानी नागरिकांच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला तो आदेश लागू नाही, असं परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. ज्याच्या हातात चालू व्हिसा होता त्याचाच.

वास्तव्याची वर्षं भरली की नेहमीच्या नागरिकत्व कायद्याखाली अर्ज करता येतो. डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने या सहा समुदायांच्या अर्जांसाठी देशातल्या ज्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिले, त्यांत नागपूर होतं. तेव्हा चौकशी थेट जिल्हाधिकारी कार्यालयात करा, एजंटकडे नाही.

या चौकटीत न बसणारे

दर हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपल्याला ठाऊक आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे. सीएए त्यांना लागू नाही. मात्र २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच भारतीय ठरतात आणि पासपोर्ट मागू शकतात. श्रीलंकेचे तमीळ, म्यानमारचे रोहिंग्या, अफगाण मुस्लीम यांनाही या कायद्यात जागा नाही. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, त्यामुळे रोहिंग्या आणि अफगाण मुस्लीम यांच्यासाठी वाट अरुंद आहे : संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्ली कार्यालयात नोंदणी आणि इथे व्हिसाचा अर्ज. धर्म विचारून दार उघडणं मला स्वतःला पटत नाही, पण फॉर्म भरताना माझ्या पटण्याला रकाना नाही.

मुलांच्या शाळेला मात्र यातलं काहीच आड येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाला साजेशा वर्गात बसवायचं असतं. मुख्याध्यापक ओळखीचे असतील तर हे कलम घेऊन तुम्हीच सोबत जा.

राहिली एक बारीक गोष्ट. प्रमाणपत्र डिजिटल मिळतं. कागदावर सही केलेली प्रत हवी असेल तर तसा पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो. ज्या घरात आजी आहे तिथे तो निवडाच, तिला ते फ्रेम करायचं असतं.