ब्रुकलिन पुलाची शिलामुद्रित चित्रे

न्यूयॉर्क व ब्रुकलिन या त्या काळी स्वतंत्र असलेल्या शहरांना ईस्ट नदीवरून (वस्तुतः ही भरती-ओहोटीची सामुद्रधुनी होय) जोडणाऱ्या झुलत्या पुलाची, मुख्यतः करियर अँड आइव्ज या न्यूयॉर्कच्या मुद्रणसंस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेली चित्रे. जॉन रोबलिंग यांच्या आराखड्यानुसार पुलाचे बांधकाम १८७० मध्ये सुरू झाले. त्यांचे पुत्र वॉशिंग्टन यांच्या देखरेखीखाली ते पुरे होऊन २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला.

शिलामुद्रणात चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढीत व शिळा ओली करून शाई फिरवीत. शाई फक्त तेलकट भागास धरते. लहान आकाराच्या चित्रांत बहुधा हाताने रंग भरीत.

कालनिश्चितीचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. अशा चित्रांच्या तळाशी स्वामित्वहक्काच्या नोंदणीचा मजकूर असतो. १८७० पूर्वी ही नोंदणी जिल्हा न्यायालयाच्या लिपिकाकडे होई, त्या वर्षीच्या कायद्याने ती वॉशिंग्टन येथील अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) ग्रंथपालाकडे गेली, आणि १८७४ मध्ये लांबलचक मजकुराऐवजी ‘कॉपीराइट’ हा शब्द, वर्ष व हक्कदाराचे नाव एवढेच छापण्याची मुभा मिळाली. त्यामुळे मजकुराच्या रूपावरूनही काळाचा स्थूल अंदाज बांधता येतो. तथापि हे वर्ष नोंदणीचे असते, हातातील प्रत छापल्याचे नव्हे. एकाच शिळेवरून मागणीनुसार पुढेही प्रती काढता येत असल्याने सुट्या प्रतीचे वर्ष सांगताना ‘सुमारे’ म्हणणेच इष्ट.

ही चित्रे प्रत्यक्षदर्शी पुरावा मानावीत काय, याविषयीही सावधगिरी हवी. चार्ल्स पार्सन्स व लायमन ॲटवॉटर यांनी रेखाटलेल्या न्यूयॉर्कच्या १८७६ च्या विहंगम दृश्यात पूल पूर्णावस्थेत दिसतो; प्रत्यक्षात त्या वर्षी न्यूयॉर्ककडील मनोरा नुकताच पुरा झाला होता आणि मुख्य दोर विणले जायचे होते. तेव्हा निदान उद्‌घाटनापूर्वीची चित्रे प्रसिद्ध आराखड्यांवरून केलेली रचना समजणे अधिक सयुक्तिक ठरते. उद्‌घाटनाच्या रात्रीच्या आतषबाजीचे १८८३ चे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. तेही घटनेचे वृत्त आणि विक्रीची वस्तू अशा दुहेरी हेतूने काढलेले असल्याने त्यातील तपशील पुलाच्या छायाचित्रांशी ताडून घ्यावा लागतो.