आधारचा बारावा आकडा

रावेर तालुक्यातील एका सेवा केंद्रात केळीच्या पीकविम्याचा अर्ज भरताना संगणकाने एका आजोबांचा आधार क्रमांक नाकारला. चालकाने ४७ ऐवजी ७४ टाइप केले होते. "बठ्ठा आकडा त्याच शेतस ना भाऊ!" आजोबा म्हणाले, आणि ते खरेच होते, बदलला होता तो फक्त क्रम. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. त्या वेळी रेंज गेलेली होती. मग कोणत्याही सर्व्हरला न विचारता चूक कळली कशी?

देशातील पहिले आधार क्रमांक आपल्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. या क्रमांकाचे पहिले अकरा आकडे यादृच्छिक असतात. त्यांत जात, जिल्हा किंवा जन्मतारीख दडलेली नसते. त्यामुळे आधारच्या आकड्यांची बेरीज करून 'भाग्यांक' सांगणारे अंकज्योतिषी केवळ आपली दक्षिणा मोजत असतात. बारावा आकडा मात्र आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला, म्हणजे पहारेकरी असतो.

पहारेकरी म्हणून साधी बेरीज चालत नाही, कारण ४ आणि ७ यांची बेरीज कोणत्याही क्रमाने ११च येते. एटीएम कार्डांचे क्रमांक तपासणारी 'लून' नावाची पद्धत अधिक हुशार आहे, पण ०९ चे ९० झाले तर तीही फसते. हा पेच डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये सोडवला, तो पंचकोनाच्या आधारे.

पुठ्ठ्याचा एक नियमित पंचकोन कापा, टोक वर ठेवा आणि वरच्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने १ ते ५ आकडे दोन्ही बाजूंना लिहा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर पुढे-मागे एकच आकडा येईल. आता तो घड्याळाच्या दिशेने एक घर फिरवा आणि मग उभ्या रेषेभोवती उलटा करा: वर ५ येतो. पुन्हा मूळ स्थितीत आणून आधी उलटा करा आणि मग फिरवा: वर २ येतो. कृती त्याच, क्रम वेगळा, म्हणून उत्तर वेगळे. बेरजेला जे जमत नाही ते इथे जमते. पंचकोन पुन्हा स्वतःवर नेमका बसवणाऱ्या अशा कृती बरोबर दहाच आहेत, पाच फिरवण्याच्या (त्यांत 'काहीच न करणे' ही शून्याची कृती) आणि पाच उलटवण्याच्या, म्हणून ० ते ९ या प्रत्येक आकड्याला एकेक कृती देता येते. नुसत्या फिरवण्याच्या दोन कृतींचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी व्हेरहूफ यांनी आकड्याच्या स्थानानुसार त्याची कृती बदलणारा एक ठरावीक तक्ताही जोडला. बारावा आकडा असा निवडतात की सगळ्या कृती ओळीने केल्यावर पंचकोन मूळ स्थितीत परत यावा. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे आपसांत बदलले, तर तो कधीही परत येत नाही.

एवढी तपासणी झाली म्हणजे कारभार बिनचूक झाला, असे मात्र नाही. मनाने रचलेल्या दर दहा क्रमांकांपैकी सरासरी एक ही चाळणी पार करतोच, आणि आजोबांच्या जागी शेजाऱ्याचा खरा क्रमांक टाकला असता तर पंचकोनाने तोही बिनतक्रार स्वीकारला असता. तो कोणाचा हे ताडून पाहायला शेवटी सर्व्हर लागतो, आणि त्यासाठी आजोबांना रेंज येईपर्यंत बाकावर बसावेच लागले.