टिकली गेली कुठे?

“मला कुठेही काळं दिसत नाही. मग काचबिंदू कसा असेल?” निदान ऐकल्यावर माझ्या मावशीने डॉक्टरांना हे विचारलं, आणि तिचं विचारणं रास्तच होतं. काचबिंदू म्हणजे डोळ्यांपुढे काळा डाग, असंच बहुतेकांना वाटतं. तसं का नसतं, ते घरबसल्या बघता येतं.

आखीव वहीत एक फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच ओळीत, 8 सेंमीवर छोटी लाल टिकली चिकटवा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि वही हळूहळू जवळ आणा. साधारण 30 सेंमीवर टिकली नाहीशी होते.

डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांचे संदेश मेंदूकडे नेणारे दहा-बारा लाख चेतातंतू मात्र या पेशींच्या पुढच्या बाजूने पसरलेले असतात. ते सगळे एका जागी गोळा होऊन पडद्यातून मागे उतरतात. त्या जेमतेम दीड मिलिमीटर रुंद जागेत प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. हा अंधबिंदू. ऑक्टोपसचे तंतू पेशींच्या मागूनच निघतात, म्हणून त्याला तो नाही. फ्रान्सच्या एद्म मारिओत यांनी 1668 मध्ये अंधबिंदूचा शोध प्रसिद्ध केला.

पण टिकली गेली तेव्हा तिथे काय दिसलं? भोक नाही, काळोख नाही. वहीच्या रेघा सलग दिसल्या! माकडांवरच्या प्रयोगांत आढळलं, की मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या अंधबिंदूच्या वाट्याच्या पेशी, रेघ त्या जागेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असली की, चेततात. म्हणजे डोळ्याने जे पाहिलंच नाही, ते आजूबाजूच्या रेघांवरून मेंदू भरून काढतो. एरवी तर दुसरा डोळाही ती जागा सांभाळून घेतो.

या नैसर्गिक अंधबिंदूला उपचार लागत नाहीत. काचबिंदूत मात्र याच जागी तंतू मरतात, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे, पण कधी दाब नेहमीसारखा असतानाही. अंधबिंदूपासून कमानीसारखा नवा आंधळा पट्टा पसरत जातो आणि मेंदू तोही त्याच सफाईने झाकतो.

म्हणून दृष्टिक्षेत्राची तपासणी हवी. पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात बघायचं, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. यंत्र अधूनमधून मुद्दाम अंधबिंदूच्या जागी ठिपका दाखवतं. तेव्हाही बटण दाबलं गेलं, तर नजर हललेली असते. ही युक्ती मला फार आवडते.

मेलेले तंतू परत येत नाहीत. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रियेने दाब कमी करून उरलेले वाचवता येतात, एवढंच. ‘काचबिंदू विरघळवणारे’ थेंब म्हणून मध किंवा कांद्याचा रस डोळ्यात घालायला सांगणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका. आणि ‘पिकू दे, मग बघू’ हे तर इथे मुळीच नको. मोतीबिंदूची गोष्ट वेगळी, त्यात धूसर झालेलं भिंग बदलता येतं.

मावशीच्या उजव्या डोळ्याच्या आलेखात नाकाच्या बाजूला वर एक करडी कमान आली. आता ती रोज रात्री एक थेंब घालते. हा आजार घराण्यात चालतो, म्हणून डॉक्टरांनी तिच्या दोन्ही भावांनाही तपासणीला बोलावलं आहे.