दम लागण्याचा हिशेब

रविवारी सकाळी आतकरवाडीतून सिंहगड चढताना एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी दगडावर टेकलेलं असतं, तोंड उघडं, खांदे वरखाली होतायत आणि सोबतचा सांगतोय, "भराभर मोठे श्वास घे, ऑक्सिजन मिळेल." हा सल्ला मीही दिलाय आणि घेतलाय. त्यामागचा हिशेब मात्र साफ चुकलेला आहे.

दम लागला म्हणजे ऑक्सिजन कमी पडला, असं आपण धरून चालतो. पण धडधाकट माणसाच्या बोटाला त्याच दगडावर ऑक्सिमीटर लावला तर आकडा बहुधा ९५च्या पुढेच दिसेल. श्वासाचा वेग ठरवताना मेंदू ऑक्सिजनकडे फारसं बघतच नाही. त्याची नजर असते कार्बन डायऑक्साइडवर आणि त्यामुळे वाढणाऱ्या रक्तातल्या आम्लतेवर. हाल्डेन आणि प्रिस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५मध्येच हे दाखवून दिलं. चढावर पायांचे स्नायू हा वायू धडाधड तयार करतात आणि तो त्याच वेगानं बाहेर टाकावा लागतो. चढ फारच उभा असला की लॅक्टिक आम्लाची भर पडते आणि भाता आणखी जोरात चालू लागतो.

हुतुतू खेळलेल्यांना हे अंगानं माहीत असतं. चढाईत दम घुमवत असताना तोंडातून हवा जात असते, पण नवी आत येत नाही. स्नायूंचा कार्बन डायऑक्साइड रक्तात चढत जातो आणि एका क्षणी 'आता श्वास घेच' असा हुकूम सुटतो. दम तुटतो तो मुख्यतः या हुकमामुळे. छातीत ऑक्सिजन तेव्हाही शिल्लक असतो.

आता भराभर श्वासांकडे वळू. बसल्या जागी आपण एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, म्हणजे देवाणघेवाणीच्या कामी येते ३५०. मिनिटाला १२ श्वास धरले तर कामाची हवा झाली ४.२ लिटर. हीच एकूण ६ लिटर हवा २५० मिलिलिटरच्या २४ उथळ श्वासांत घेतली, तर दर श्वासाला कामी येते फक्त १००, म्हणजे मिनिटाला २.४ लिटर. दुप्पट धापा टाकून जवळपास निम्मी कमाई!

भराभर आणि शिवाय खोल घेतले तर? मग कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. विहिरीत बुडी मारण्याआधी पोरं अशा धापा टाकतात, ते तर जिवावरचं आहे. ऑक्सिजनचा साठा त्यानं फारसा वाढत नाही. वाढते ती धोक्याची घंटा वाजायची वेळ. घंटा वाजण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि पोरगं पाण्याखाली बेशुद्ध पडतं.

म्हणून चढताना सोडण्याकडे लक्ष द्यावं. दोन पावलं आत, तीन पावलं बाहेर. झेपेल तोवर नाकानं: हवा गाळून, ओली-कोमट होऊन आत जाते. जोर वाढला की तोंड आपोआप उघडतं, त्यात कमीपणा नाही. मात्र फार अपेक्षा ठेवू नका. निरोगी माणसाच्या दमसासाला बहुतेकदा फुप्फुसं अडवत नाहीत, हृदय रक्त किती फेकतं यावर गाडी अडते, आणि ते सुधारायला चालावंच लागतं. थोडक्याच श्रमानं धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर श्वासाचे प्रयोग सोडून डॉक्टर गाठावा.

संथ श्वासाचा फायदा विश्रांतीत जास्त दिसतो. श्वास घेताना नाडी किंचित पळते, सोडताना मंदावते. मनगटावर बोट ठेवून बघा. मिनिटाला सुमारे ६ श्वासांवर हा झोका सर्वांत मोठा होतो. लुचानो बर्नार्दी या इटालियन संशोधकाच्या चमूनं २००१मध्ये नोंदवलं की लॅटिन जपमाळ म्हणा किंवा योगमंत्र, दोन्हींनी श्वास याच लयीवर येतो आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख होते. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामात बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडही मोजून पाहिला. 'प्राणायाम म्हणजे भरपूर ऑक्सिजन' म्हणणाऱ्यांनी ही मोजमापाची वृत्ती उचलली असती तर बरं झालं असतं.

गडावर दही विकणाऱ्या मावश्या डोक्यावर ओझं घेऊन त्याच वाटेनं चढतात. त्या कधी थांबत नाहीत आणि घाईही करत नाहीत. परवा त्यातल्या एकीनं मला मागे टाकलं. शेजारणीला लेकीच्या सासरची गोष्ट सांगत होती, एकही वाक्य न तोडता.